उकंडरावांचं पान

वर्षातून एक दिवस आमचे आबाजी लोकांचे बाप व्हायचे. म्हणजे मेलेले बाप. थांबा, नीट सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल पोरगी सिंगापूरला जाऊन कामातून गेली.

आमच्याकडे अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरातल्या गेलेल्या माणसांना जेवू घालतात. त्यासाठी एक जिवंत माणूस बोलवावा लागतो. त्याला पाटावर बसवायचं, त्याचे पाय धुवायचे, कपाळाला गंध लावायचं, आणि तो जेवून उठेपर्यंत तोच आपला बाप. पुरुष गेला असेल तर पुरुष बसतो, बाई गेली असेल तर बाई. याला पितर बसणं म्हणतात. पूर्वी भाऊबंदांतलं कोणीतरी यायचं. आता भाऊबंद एक तर पुण्याला, नाहीतर जागेवरून भांडून बसलेले. म्हणून यवतमाळला दारव्हा रोडच्या आमच्या मोहल्ल्यानं एक कायमचा पितर धरून ठेवला होता. कमलाकर हिवरकर, ट्रेझरीतले रिटायर हेडक्लार्क, माझे आबाजी, म्हणजे आजोबा. शुगर नाही, पथ्य नाही, धोतर नेसता येतं, आणि बोलावलं की हजर.

एका अखजीला ते तीन-तीन घरं करायचे. साठीला आलेले लोक त्यांच्या पाया पडायचे आणि 'बाबा, रस घ्या ना अजून' म्हणून मागे लागायचे. वखारवाल्या काकांनी तर एकदा त्यांचे पाय धरले आणि ढसाढसा रडले, 'बाबा, वखार विकून टाकली, रागावू नका.' आबाजींनी नुसती मान हलवली. पितरानं जेवताना बोलायचं नसतं. संध्याकाळी मी विचारायची, "आज कोण होते तुम्ही?" ते पोटावरून हात फिरवत म्हणायचे, "आज मी वकीलसाहेब होतो. लय भजे खाल्ले वं."

मी हसायची. किती वर्षं नुसती हसतच होते.

आमच्या स्वतःच्या घरी मात्र पणजीचं पान मांडलं जायचं, नंतर आजी गेल्यावर तिचंही. आबाजींच्या वडिलांचं पान कधीच मांडलं गेलं नाही.

त्यांचं नाव उकंडा. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून यांना जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून उचललं आणि तेच नाव दिलं. असल्या नावाच्या पोराला यम हात लावत नाही म्हणे. यमाचं ठीक, पण जपानी सैन्याला हे कोण सांगणार! मॅट्रिक झालेले उकंडराव सैन्यात कारकून म्हणून लागले आणि एकेचाळीस साली बोटीनं मलायाला गेले. तेव्हा पणजी पोटुशी होती. आबाजी जन्मले, आणि ते रांगायला लागायच्या आत सिंगापूर पडलं. सरकारकडून कळलं की उकंडराव बेपत्ता आहेत.

बेपत्ता. या एका शब्दावर पणजीनं सगळा जन्म काढला. कपाळाचं कुंकू पुसलं नाही, हातातल्या बांगड्या काढल्या नाहीत. अखजीला एखादी जाऊ बिचकत म्हणायची, की आता भावजींचं पान मांडायला पाहिजे. पणजी उलथनं घेऊन धावायची. "जित्या माणसाचं पान मांडता का वं? लाज नाई वाटत?" ती गेली ती कुंकवासकट. त्यानंतर आजीनं विषय काढला तर आबाजी म्हणाले, "आईनं मांडलं नाई, मी कसा मांडू? अन् मेले म्हणून कोणी पाह्यलं?"

म्हणजे बघा. दुसऱ्यांच्या बापाच्या नावानं हा माणूस गावभर जेवत होता, आणि याचा बाप ना जेवणाऱ्यांत ना जेवू घालणाऱ्यांत. आजी गेल्यावर तर घरात आबाजी आणि टीव्ही एवढेच उरले. संध्याकाळी ते एसटी स्टँडवर जाऊन बसायचे. कुठं जायचं नसायचं. चहा प्यायचा, पुसदची गाडी सुटेपर्यंत थांबायचं आणि परत यायचं. माझे बाबा पुण्याहून फोन करून ओरडायचे, "धूळ खायले कायले जाता तिथं?" आबाजी म्हणायचे, "माणसं दिसतात."

मी नोकरीसाठी सिंगापूरला आले तेव्हा मला ते वाक्य कळलं. एका चिनी आजीबाईंच्या घरात माझी एक खोली. बाकीच्या खोल्यांत कोण राहतं, देव जाणे. चपला दिसतात, माणसं दिसत नाहीत. रविवारी काय करायचं ते सुचत नाही. अशाच एका रविवारी क्रांजीला उतरले. तिथं टेकडीवर युद्धात मेलेल्या सैनिकांची मोठी दफनभूमी आहे, एवढंच ऐकलं होतं. पांढऱ्या दगडांच्या रांगाच रांगा, कापलेलं गवत, आणि वरच्या बाजूला उंच रुंद खांब. ज्यांची कबर नाही त्यांची नावं त्या खांबांवर कोरलेली. वाचता वाचता आपल्याकडची नावं यायला लागली आणि मला उकंडराव आठवले. घरी येऊन त्या दफनभूमीच्या संकेतस्थळावर आडनाव टाकलं. निघालं. पुढच्या रविवारी जाऊन तो खांब शोधला. हिवरकर उकंडा.

आबाजींना व्हिडिओ कॉल लावला. ते नेहमीसारखे कान दाखवत होते, फोन कानाला लावायची सवय. मी म्हटलं, "आबाजी, तुमचे बाबा सापडले."

कान बाजूला झाला आणि पूर्ण चेहरा समोर आला. त्र्याऐंशी वर्षांचा माणूस.

"जित्ते हायेत?"

मला कशावरही हसू येतं. मयतीतसुद्धा येतं, आईनं चिमटे काढलेत त्यासाठी. पण तेव्हा नाही आलं. हिशेब केला तर उकंडराव शंभरी कधीच ओलांडून गेले असते. हे हेडक्लार्कला सांगायची गरज नव्हती. मी म्हटलं, "नाही आबाजी. नाव कोरलंय दगडावर."

मग ते म्हणाले, "अखजी कवा हाये पाह्य बरं."

तुम्हाला सांगते, त्या माणसाला यायचंच होतं. बाबांनी पुण्याहून कल्ला केला. या वयात विमान, तिथं काही झालं तर, आणि हे कसलं खूळ. आबाजी म्हणाले, "शाम, तुह्यं पान कोण मांडन याची तुले चिंता नाई. माह्या बापाचं मीच मांडलं पाह्यजे, माह्याशिवाय कोणी उरलं नाई." पासपोर्ट काढला. नागपूरहून मुंबई, मुंबईहून इकडे, व्हीलचेअरवर बसून, सगळ्या विमानतळांना आशीर्वाद देत आले. बॅग उघडली तर कपडे दोन जोड. बाकी पळसाच्या पत्रावळी, द्रोण, कुरड्या, वड्यांचं पीठ, चिंच, गूळ. आणि तळाला, टॉवेलात गुंडाळलेला, घरचा पाट.

"पाट आणला? लाकडाचा?"

"मंग खाली बसवतं का त्याइले?"

अखजी बुधवारी आली. मी सुट्टी टाकली. पहाटेपासून आबाजींनी पुरण घाटायला घेतलं. आमच्या चिनी आजीबाईंचा नियम असा, की स्वयंपाक करायचा तो हलकाफुलका, तळण अजिबात नाही. कुरड्या तेलात पडल्या आणि त्या धावत आल्या. आबाजींनी त्यांना हात जोडले आणि वऱ्हाडीत सविस्तर सगळं सांगितलं, बोट, जपानी, बेपत्ता, सगळं. त्या बाईला एक अक्षर कळलं नसणार. तिनं खिडकी उघडली आणि निघून गेली. जाताना एक कुरडई घेऊन गेली.

"पितर म्हणून बसेल कोण?" हा प्रश्न मी आदल्या दिवशी विचारला होता. आबाजी माझ्याकडे येड्यासारखे पाहायला लागले. "एवढं मोठं शहर हाये. एक माणूस भेटत नाई का जेवाले?" त्यांचा हिशेब यवतमाळचा होता. तिथं अखजीला गल्लीत उभं राहून हाक मारली तर चार जण हात धुऊन येतात. मी वाद घातला नाही. घालायला पाहिजे होता की नव्हता, मला अजून समजत नाही.

क्रांजीला पोचलो तर तिथं चिटपाखरू नव्हतं. मी आबाजींचा हात धरून त्यांना हळूहळू खांबापर्यंत नेलं. नाव माझ्याही डोक्याच्या वर होतं. बोट दाखवलं. त्यांना इंग्रजी वाचता येतं, सगळी नोकरी त्यात गेली. चष्मा पुसून पुसून वाचलं.

"इथं हायेत?" त्यांनी खालच्या जमिनीकडे पाहत विचारलं.

"नाव आहे फक्त. ते कुठं पडले हे कोणालाच माहीत नाही, आबाजी. म्हणून तर खांबावर आहे."

"म्हंजे इथंई नाईत." त्यांनी मान हलवली. मग पिशवी खाली ठेवली. "नसू दे. नाव इथं हाये तं पान इथंच."

खाली झाडाजवळ एक माळी गवत गोळा करत होता. रबरी बूट, डोक्याला पंचा, पन्नाशीचा. मुरुगेसन नाव, तंजावरकडचा. मी विचारलं, इथं थोडा वेळ बसून जेवलं तर चालेल का. त्यानं आजूबाजूला पाहिलं आणि कडेच्या झाडाखालची जागा दाखवली, नंतर स्वच्छ करा म्हणाला. भला माणूस. आबाजींना वाटलं, झालं काम. पुढं होऊन म्हणाले, "भैया, खाना खाओगे? हमारे बाप के नाम से."

मुरुगेसनला हिंदी बेताची. मी इंग्रजीत समजावलं, की यांचे वडील इथं युद्धात गेले, त्यांच्या जागी बसून जेवायचं आहे, एवढंच. तो ऐकता ऐकता हसायचा थांबला. मग दोन पावलं मागं सरला आणि हात जोडले. त्याचे अप्पा गावी आहेत, नव्वदीचे, आजारी. बाप जिवंत असताना मेलेल्या माणसाच्या जागी तो कसा बसणार? त्याच्या डोळ्यांत मला चक्क भीती दिसली. आबाजी लगेच म्हणाले, "नोको, नोको, बराबर हाये त्याचं. जबरदस्ती नाई." मुरुगेसन गेला आणि आपल्या झारीत स्वच्छ पाणी भरून आमच्याजवळ ठेवून गेला. पुन्हा आमच्याकडे पाहिलं नाही.

दुसरं कोणी येईल म्हणून आम्ही थांबलो. कोणी आलं नाही. ऊन चढलं. आबाजींनी पाट मांडला होता, त्यापुढं पत्रावळ, द्रोणांत रस आणि चिंच-गुळाचं पाणी, चिंचवणी म्हणतो आम्ही. पुरणपोळ्या गार झाल्या. पाट रिकामाच. आबाजी त्याच्याकडे पाहत बसले होते, आणि अचानक त्यांनी पत्रावळीची कड दुमडायला घेतली.

"चाल, गुंडाळ. घरी जाऊन खाऊ आपण."

"आबाजी..."

"त्याइच्या नशिबातच नाई जेवण. जाऊ दे."

मला इतका राग आला म्हणून सांगू. उकंडरावांचा आला, त्या युद्धाचा आला, पुण्यात बसलेल्या माझ्या बापाचा आला, आणि या म्हाताऱ्याचा सगळ्यात जास्त. जन्मभर लोकांच्या पाटावर बसला, आणि याच्या पाटावर बसायला जगात एक माणूस नाही! पहाटेपासून पुरण घाटलं ते काय गुंडाळून न्यायला?

"मी बसते," मी म्हटलं.

"पोरगी पितर नाई बसत. पुरुषाच्या जागी पुरुषच लागते."

"इथं त्यांचं दुसरं कोण आहे? तुम्ही आणि मी. तुम्ही बसलात तर समोरून बाबा म्हणणार कोण? मी? माझे ते पणजोबा. बाबा तुमचे आहेत."

ट्रेझरीत एखादं बिल हरकत घेऊन परत पाठवायचं की पास करायचं, असा चेहरा आबाजींनी केला. मग म्हणाले, "चपला काढ."

मी पाटावर मांडी घातली. ते गुडघ्यावर बसले, एक हात जमिनीला टेकून, कण्हत. झारीतलं पाणी घेऊन माझे पाय धुवायला लागले. मी झटकन पाय ओढले. आजोबा माझे पाय धुताहेत, कसं सहन होणार?

"पाय वढू नोको. आता तू तू नाईस."

धोतराच्या सोग्यानं पाय पुसले. कपाळाला गंध लावलं. मग समोर बसले, हात जोडले, आणि बसूनच राहिले. तोंड उघडायचं, मिटायचं. मला वाटलं, चक्कर येतेय की काय. आणि मग कळलं. गावभरच्या लोकांनी त्यांना जो शब्द वर्षानुवर्षं म्हटला, तो त्यांनी स्वतः आयुष्यात कोणाला म्हटलाच नव्हता. त्यांना तो म्हणता येत नव्हता.

"बा..." आवाज फाटला. "बाबा."

मग जरा मोठ्यानं, "बाबा, जेवा."

मी पहिला घास घेतला. मला वाटलं होतं, आता ते रडतील, देवाचं काहीतरी म्हणतील. कसलं काय! ते भांडायला लागले.

"काहून गेलते? घरी काय खायले नोतं? आईनं किती सांगतलं असन, जाऊ नोका म्हणून. ऐकलं का? मी पोटात होतो, माह्यं तं काई विचारूच नोका." नाक पुसलं. "तिनं कुंकू पुसलं नाई. म्याई पुसू देल्लं नाई. लोक हासत. मी म्हणो, हासा. मी शिकलो, बाबा. ट्रेझरीत लागलो, हेडक्लार्क झालो. एक पैसा इकडचा तिकडं केला नाई. शाम झाला, त्याले शिकोलं. सायकल... मले सायकल कोणी शिकोली नाई, बाबा. सगळ्या पोराइचे बाप मांगून धरत. मी नोकरी लागल्यावर शिकलो, पोस्टल ग्राउंडवर, भल्या पहाटे, कोणी पाहू नाई म्हणून. पडलो तं पडलो. घ्या ना, रस घ्या. काहीच घेऊन नाई राह्यले तुमी."

मी रस घेतला. माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पत्रावळीवर पडत होतं, पण आबाजींना दिसत नव्हतं. त्यांना मी दिसतच नव्हते. ज्या माणसाच्या मांडीवर मी वाढले, तो माझ्याकडे टक लावून पाहत होता आणि मी तिथं नव्हते. इतकं एकटं मला त्या खोलीतसुद्धा कधी वाटलं नव्हतं. पण उठायचं कसं? त्यांनी अजून एक पोळी वाढली. मग अजून एक. नाही म्हणायची सोय नव्हती. मी खाल्ली.

हळूहळू त्यांचा आवाज खाली आला. बोलणं घरातलं झालं. यंदा उन्हाळा लय आहे. नळाला पाणी एक दिवसाआड येतं. मागच्या अंगणातलं कवठाचं झाड वठलं. असलं काहीतरी सांगत राहिले, सावकाश, मध्ये मध्ये थांबून. मुलगा बापाजवळ बसून बोलतो तसं.

पान संपलं. त्यांनी माझ्या हातावर पाणी घातलं, विडा दिला, पाया पडले. मग माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "प्राचे, आता उठ अन् फाटकापर्यंत चालत जाय. एकलीच. मांगं पाहू नोको. आपल्या घरची रीत हाये, पितराले वाटेला लावा लागते, नाईतं घुटमळते."

"आणि तुम्ही? उन्हात एकटे उभे राहणार?"

"मी पाहून राह्यतो. मले पाह्यचं हाये जाताना."

मी उठले. पायांना मुंग्या आल्या होत्या. चपला घातल्या आणि त्या पांढऱ्या दगडांच्या मधून खाली चालायला लागले. दोन्ही बाजूंना पोरंच पोरं, दगडांवर वयं कोरलेली, कोणी एकोणीसचा, कोणी बावीसचा. मागं काहीच आवाज नव्हता. म्हातारा पडला तर? बसला असेल का? मान वळू नये म्हणून मी दात आवळले. अर्ध्या वाटेत आले असेन, आणि मागून हाक आली.

"बाबा!"

मी जागच्या जागी थांबले. वळले नाही.

"ऊन लय हाये, बाबा. डोक्याले काहीतरी बांधा."

मी गळ्यातली ओढणी काढली, डोक्याला घट्ट बांधली, आणि तशीच फाटकाबाहेर गेले.